ओझरच्या वरचा मतदारसंघ

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी संगमनेर विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी संपली, तेव्हा बाळासाहेब थोरात यांच्या नावापुढे १,०१,८२६ मते होती आणि शिवसेनेच्या अमोल खताळ यांच्या नावापुढे १,१२,३८६. १९८५ पासून सलग आठ निवडणुका जिंकलेले, दोनदा महसूलमंत्री झालेले आणि काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद भूषवलेले थोरात १०,५६० मतांनी पडले. त्या आठवड्यात मराठी वृत्तपत्रांतून या पराभवाची जी कारणे छापून आली ती सगळी त्या वर्षातली होती: लाडकी बहीण, हिंदुत्वाची हवा, विखे पाटलांनी लावलेली ताकद, एकाच घराकडे राहिलेल्या सत्तेचा कंटाळा. यातले एकही कारण खोटे नाही. पण ही सारी कारणे एका निवडणुकीची आहेत, आणि मतदारसंघाला त्याहून लांबचा इतिहास असतो. संगमनेरचा इतिहास १९५० च्या दशकापासून ओळीने वाचला तर दिसते की या मतदारसंघाला आकार दिला तो एका अनुपस्थित गोष्टीने. ती गोष्ट म्हणजे कालव्याचे पाणी. जे पाणी डोळ्यांसमोरून वाहत जाते आणि आपल्या शेतात येत नाही, ते आणण्याचे काम इथल्या आमदाराकडे होते. काम अपुरे राहिले तोवर आमदार टिकला. २०२३ मध्ये निळवंड्याच्या कालव्यात पाणी सुटले आणि पुढच्याच निवडणुकीत चाळीस वर्षांची घडी मोडली. या दोन घटना लागोपाठ घडल्या हा निव्वळ योगायोग नसावा, एवढेच इथे मांडायचे आहे.

प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते, अकोले तालुका ओलांडून संगमनेरात येते, शहराजवळ म्हाळुंगीला पोटात घेते आणि पुढे राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे अशी उतरत गोदावरीला मिळते. पाऊस पडतो तो वर, सह्याद्रीच्या माथ्यावर. सपाट काळी जमीन आहे ती खाली. इंग्रज इंजिनिअरांनी हा हिशेब सरळ मांडला. १९१० मध्ये अकोले तालुक्यातल्या शेंडी गावाजवळ भंडारदरा धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ११ टीएमसी पाणी साठवणारे हे धरण त्या काळी देशातल्या सर्वांत उंच धरणांत गणले जाई. धरणातले पाणी कालव्यात न सोडता नदीपात्रातच सोडायचे, ते तसेच वाहत संगमनेर तालुक्याच्या पूर्व अंगाला ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊ द्यायचे, आणि तिथून डावा-उजवा असे दोन कालवे काढायचे, अशी ही योजना होती. म्हणजे धरण अकोल्यात, वाट संगमनेरातून, आणि ओलित ओझरच्या खाली. ज्या गावांच्या शिवारातून नदी बारमाही वाहू लागली त्यांना तिच्या पाण्यावर कालव्याचा हक्क नव्हता. त्यांच्या वाट्याला नदीकाठची मोट आली आणि पुढे वीज आल्यावर मोटार. तीही खालचे आवर्तन सुरू असले की बंद, कारण सोडलेले पाणी वाटेत उपसले जाऊ नये म्हणून काठावरच्या पंपांची वीज तोडण्याची रीत पडली. संगमनेरच्या राजकारणात आवर्तन या शब्दाला जी धार आहे ती ओझरच्या खाली कधी नव्हती. खाली आवर्तन म्हणजे पाणी येणे, वर आवर्तन म्हणजे वीज जाणे.

ओझरच्या खाली काय घडले ते महाराष्ट्राला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. कालव्यावर ऊस आला. उसावर आधी खासगी कारखाने आले: हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा डहाणूकरांचा कारखाना. त्यांनी हजारो एकर जमीन खंडाने घेतली. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना काढला. १९४८ च्या अखेरीस त्याची नोंदणी झाली आणि १९५० मध्ये गाळप सुरू झाले. पंडित नेहरू १९६१ मध्ये तो पाहायला प्रवरानगरला आले. सहकाराच्या या कहाणीत कष्ट, कल्पकता आणि धाडस सगळे आहे, पण ती सांगताना एक गोष्ट सहसा निसटते. त्या कारखान्याचा पाया ज्या पाण्यावर उभा होता ते पाणी शंभर किलोमीटर वरच्या डोंगरातून आलेले होते आणि वाटेतल्या दोन तालुक्यांना वगळून आलेले होते. त्यामुळे एकाच नदीवर दोन वेगळ्या प्रकारचे राजकारण जन्मले. खाली प्रश्न होता तो असलेल्या पाण्यातून आलेल्या पैशावर ताबा कुणाचा. वर प्रश्न होता तो पाण्यावर हक्क कुणाचा.

या दुसऱ्या प्रश्नाला पहिला राजकीय आवाज दिला तो दत्ता देशमुखांनी. जवळे कडलगचा हा शेतकऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला, बेचाळीसच्या चळवळीत उतरला आणि १९४६ मध्ये काँग्रेसकडून मुंबई विधिमंडळात गेला. त्या निवडणुकीचा मताधिकार अजून शेतसारा, मालमत्ता आणि शिक्षणाच्या चाळणीतून आलेला होता. प्रौढ मतदान यायला आणखी सहा वर्षे होती. दोनच वर्षांत देशमुख काँग्रेसमधून बाहेर पडून शेतकरी कामगार पक्षाच्या स्थापनेत सामील झाले, आणि पुढे लाल निशाण पक्षाचे नेते म्हणून ओळखले गेले. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवले, त्या विजयात संगमनेरची जागा देशमुखांची होती. एरवी ही त्या लाटेतल्या अनेक जागांपैकी एक म्हणून सोडून देता आली असती. पण देशमुखांचे वैशिष्ट्य असे की ते पाण्याचा विचार अभियंत्याच्या नजरेने आणि समतेच्या आग्रहाने करत. थोड्यांना बारमाही ऊस पिकवू देण्यापेक्षा अधिक लोकांना आठ महिने पाणी द्या, ही मांडणी महाराष्ट्रात ज्यांनी लावून धरली त्यांत ते पुढे होते. १९७९ मध्ये सरकारने आठमाही पाणीवाटपाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तिच्यात वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनाही घेतले गेले. कालव्याच्या पोटात वाढलेल्या माणसाला ही मांडणी सुचणे अवघड होते. ती ओझरच्या वर सुचली. देशमुख पुढे निवडणुकीच्या राजकारणात मागे पडले, पण विषयपत्रिका त्यांची राहिली. त्यांच्यानंतर संगमनेरात निवडून आलेल्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, तोच प्रश्न हाती घ्यावा लागला.

१९६२ मध्ये धांदरफळचे बी. जे. खताळ-पाटील काँग्रेसकडून निवडून आले. वकील, वाचक, स्वभावाने करडे. मंत्रिमंडळात त्यांनी पाटबंधाऱ्यांसह अनेक खाती सांभाळली. १९८५ नंतर त्यांनी सत्तेकडे पाठ फिरवली, लिहीत राहिले, आणि २०१९ मध्ये शंभरी ओलांडून गेले. खताळ हे सरकारातले राजकारणी होते. त्यांचे बळ मंत्रालयात होते, गावात संस्था उभारून माणसे बांधून ठेवण्यात नव्हते. ते काम त्याच काळात जोर्व्याचे भाऊसाहेब थोरात करत होते. बेचाळीसच्या लढ्यातून आलेले, साम्यवादी विचारांचा संस्कार घेऊन सहकारात शिरलेले भाऊसाहेब साठच्या दशकाच्या उत्तरार्धात संगमनेर सहकारी साखर कारखाना उभा करण्यात पुढे होते, आणि त्याच्या पाठोपाठ दूध संघ, बँक, शिक्षणसंस्था असे जाळे विणले गेले. इथे थांबून विचारले पाहिजे की ज्या तालुक्याला कालवा नाही तिथे साखर कारखाना चालला कसा. तो उपसा सिंचनावर चालला. नदीतून पाणी उचलायचे, पाइपाने वर चढवायचे, सोसायटी करून कर्ज फेडायचे. कालव्याखालच्या शेतकऱ्याला पाटकऱ्याशी जमवून घेतले की भागत असे. वरच्या शेतकऱ्याला मोटार, वीजजोडणी, परवाना, कर्ज आणि नदीतल्या पाण्यावरचा मंजूर हक्क, या पाचही गोष्टी हव्या होत्या आणि पाचही गोष्टी संस्थेशिवाय मिळत नव्हत्या. म्हणून संगमनेरात कारखाना हा निव्वळ उसाचे गिऱ्हाईक राहिला नाही. पाण्याची वकिली करणारी पेढी असे त्याचे रूप झाले. भंडारदऱ्याच्या पाण्यात संगमनेर-अकोल्याचा तीस टक्के वाटा हा त्या वकिलीचा सर्वांत मोठा निकाल, आणि आजही तालुक्यातल्या कोणत्याही सभेत हे तीस टक्के भाऊसाहेबांच्या नावाने सांगितले जातात.

१९७८ मध्ये भाऊसाहेब स्वतः विधानसभेत गेले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसच्या पुनरागमनात जागा पुन्हा खताळांकडे आली. सरकारी काँग्रेस आणि संस्थांची काँग्रेस यांच्यातला हा झोका १९८५ मध्ये एका बाजूला कायमचा थांबला. त्या वर्षी भाऊसाहेबांचे चिरंजीव विजय ऊर्फ बाळासाहेब काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. या निकालाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काही महिन्यांत काँग्रेसच्या पंजावर उभ्या असलेल्या माणसाला संगमनेरकरांनी नाकारले. म्हणजे पक्षाचे चिन्ह त्यांना दुय्यम होते. १९९० पासून थोरात काँग्रेसचे आमदार म्हणून निवडून येत राहिले, पण खरे तर मतदारसंघ काँग्रेसचा नव्हता, संस्थांचा होता, आणि संस्थांनी काँग्रेस निवडली होती. १९९५ मध्ये युतीची लाट आली, संगमनेर हलले नाही. १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातली बहुतेक कारखानदार मंडळी त्यांच्यामागे गेली. थोरात गेले नाहीत, तरी मतदारसंघाला फरक पडला नाही. २०१४ मध्ये मोदींच्या लाटेत राज्यातली काँग्रेस ४२ जागांवर आली. संगमनेर त्या ४२ मध्ये होते. २०१९ मध्ये थोरातांना १,२५,३८० मते पडली आणि शिवसेनेच्या उमेदवाराला ६३,१२८. लाटांना इतके न जुमानणारी जागा केवळ उमेदवाराच्या सौम्य स्वभावाने टिकते असे मानणे म्हणजे इतिहासाला स्वभावचित्र समजणे.

इथे एक आक्षेप येणारच. सहकारी संस्थांच्या बळावर एका घराकडे जागा राहणे ही नगर जिल्ह्यात नवलाची गोष्ट नाही, मग पाण्याच्या अभावाला मध्ये कशाला आणायचे? उत्तर शेजारी पाहिले की सापडते. कोपरगावला गोदावरीचे कालवे भंडारदऱ्याच्याही आधी मिळाले. दारणा धरण, नांदूर मधमेश्वरचा बंधारा, आणि तिथून निघालेले दोन कालवे. तिथे कारखाने दोन झाले, काळ्यांचा आणि कोल्ह्यांचा, आणि विधानसभेची जागा अर्धशतकभर बहुतेक वेळा या दोन घरांत फिरत राहिली. २०१९ मध्ये आशुतोष काळे यांनी स्नेहलता कोल्हे यांना अवघ्या ८२२ मतांनी हरवले. पाणी हाती असले की भांडण नफ्यावर आणि मानावर होते, आणि त्या भांडणाला दोन बाजू सहज मिळतात. ज्याची सगळ्यांना वाट पाहायची आहे अशी गोष्ट समोर असली की मात्र दोन बाजू करणे महागात पडते. वकील मध्येच बदलावा असे कुणाला वाटत नाही. पण या तर्काला शिर्डीचे उदाहरण अडचणीचे आहे, हे मान्य करायला हवे. तिथे कालवा जुना आहे, पाणी आहे, तरीही राधाकृष्ण विखे पाटील १९९५ पासून काँग्रेस, शिवसेना, पुन्हा काँग्रेस आणि भाजप अशा चिन्हांवर निवडून येत राहिले. त्याचे कारण माझ्या मते असे की लोणीचा कारखाना इतका आधी आणि इतका मोठा झाला की त्या पट्ट्यात दुसरे केंद्र उभे राहायला जागाच उरली नाही. तेव्हा नियम असा सांगता येणार नाही की पाणी आले की घराणे जाते. सांगता येते ते इतकेच की संगमनेरच्या स्थैर्याचा खुराक वेगळा होता, आणि तो संपू शकत होता. लोणीचा खुराक साखरेचा होता. तो दर हंगामात नव्याने येतो.

वरच्या अंगाला अकोले. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघात मधुकरराव पिचड १९८० ते २००९ अशा सात निवडणुका जिंकले, २०१४ मध्ये त्यांचे चिरंजीव वैभव. मग २०१९ मध्ये पिचड पिता-पुत्र भाजपमध्ये गेले आणि वैभव यांचा डॉ. किरण लहामटे यांनी पन्नास हजारांहून मोठ्या फरकाने पराभव केला. संगमनेरच्या निकालाच्या पाच वर्षे आधी, त्याच नदीवर, तसाच अनेक दशकांचा ठेवा एका दिवसात रिकामा झाला. पक्षांतराने घडलेला पराभव म्हणून तो सांगितला जातो आणि ते बरोबरही आहे. तरी अकोल्याचे पाण्याचे गाऱ्हाणे संगमनेरपेक्षाही कडवट आहे हे विसरता येत नाही. गावे बुडाली अकोल्याची, कालवे खोदायला जमीन गेली अकोल्याची, आणि मुख्य कालव्यांपेक्षा उंचावर असलेल्या शिवारांना पाणी मिळायचे तर वेगळे उच्चस्तरीय कालवे हवेत, ही मागणी तिथल्या प्रत्येक उमेदवाराला उच्चारावी लागली.

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेने या जुन्या भूगोलावर नवी रेघ ओढली. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या त्या आदेशाने संगमनेर तालुका तीन मतदारसंघांत वाटला. घारगाव-बोट्याकडचा पठार भाग अकोल्यात गेला. आश्वी परिसर शिर्डीत गेला, आणि त्याच्याबरोबर थोरातांचे जोर्वेही. तालुक्याचा नेता स्वतःच्या गावाचा आमदार राहिला नाही, त्या गावाचे आमदार विखे पाटील झाले. कागदावर ही लोकसंख्येची समसमान वाटणी होती. परिणामी मात्र संस्थेचा भूगोल आणि मताचा भूगोल पहिल्यांदाच वेगळे झाले. कारखान्याचे सभासद तीन मतदारसंघांत विखुरले. नदीकाठच्या जुन्या उपसा पट्ट्यातला मोठा तुकडा मतदारसंघाबाहेर पडला आणि उरलेल्या २१७ क्रमांकाच्या मतदारसंघात शहराचे आणि तळेगाव दिघे, निमोण अशा कोरडवाहू गावांचे वजन त्या प्रमाणात वाढले. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही निवडणुका थोरातांनी मोठ्या फरकाने जिंकल्या, त्यामुळे हा बदल कुणाच्या लक्षात आला नाही. पाया सरकल्याचे जिंकणाऱ्याला सहसा कळत नाही.

आता निळवंडे. या धरणाला मान्यता मिळाली १९७० मध्ये, तेव्हा खर्च आठ कोटींच्या आत धरला होता. आधी म्हाळादेवीची जागा ठरली, ती बदलली, मग निळवंडे. पुनर्वसन, जागेचा वाद, निधी, कालव्याच्या वाटेवरची जमीन, असे करता करता भिंत उभी राहायला आणि सव्वाआठ टीएमसी पाणी अडायला कित्येक सरकारे गेली. पाणी अडले तरी कालवे नव्हते, म्हणून लाभधारकांच्या कृती समितीला औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले. ३१ मे २०२३ रोजी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींनी धरणावर जलपूजन केले. तोवर प्रकल्पाचा खर्च ५,१७७ कोटींवर गेला होता. ८५ किलोमीटरचा डावा कालवा आणि सात तालुक्यांतली १८२ गावे हे आकडे त्या दिवशी देशभर ऐकवले गेले. संगमनेर मतदारसंघाच्या इतिहासात ही सर्वांत मोठी घटना. तळेगाव पट्ट्यात कालव्याचे पाणी येणे ही तिथल्या तीन पिढ्यांची आस होती, आणि ते आले तेव्हा व्यासपीठावर थोरातांचे विरोधक होते. श्रेयाची लढाई अर्थातच झाली. महसूलमंत्री असताना कालव्यांना निधी आणि गती आपण दिली असे थोरात सांगत राहिले, आणि त्यात तथ्य होते. पण श्रेय कुणाचे या प्रश्नाच्या उत्तराने फारसे बिघडणारे नव्हते. बिघडले ते वेगळ्याच ठिकाणी. पन्नास वर्षे चाललेल्या खटल्याचा निकाल लागला होता, आणि निकालानंतर अशिलाला वकिलाची गरज उरत नाही, वकील जिंकलेला असला तरी. शिवाय ज्या कोरडवाहू गावांनी ही वाट पाहिली त्यांनी दरम्यान स्वतःचे मार्ग काढले होते: संकरित गाई, दूध, शेततळी, डाळिंब, टोमॅटो. दुधाचा पगार दहा दिवसांनी हातात येतो. पाण्याच्या आश्वासनावर त्यांचे घर चालत नव्हते. त्यांच्या बाजूने पाहिले तर पन्नास वर्षे ही वकिलीची मुदत नव्हती, दिरंगाईची होती.

याला सर्वांत सबळ उत्तर लाटेचे आहे. २०२४ मध्ये महायुतीला राज्यात २३० च्या पुढे जागा मिळाल्या, जिल्ह्यातल्या बारापैकी दहा. कराड दक्षिणमध्ये पृथ्वीराज चव्हाण पडले, तिथे निळवंडे नव्हते. मग संगमनेरचा पराभव वेगळा का मानायचा? मतांच्या आकड्यांकडे पाहिले तर हा आक्षेप अर्धा मान्य करणे भाग आहे. २०१९ च्या तुलनेत थोरातांची मते साडेतेवीस हजारांनी घटली, पण विरोधी उमेदवाराची एकोणपन्नास हजारांनी वाढली. म्हणजे अमोल खताळांच्या वाढीतला निम्म्याहून अधिक हिस्सा थोरातांकडून सरकलेला नाही. तो वाढलेल्या मतदानातून, नव्या मतदारांतून आणि आधी इतरत्र जाणाऱ्या मतांतून आलेला असणार. महिना पंधराशे रुपये देणारी योजना, २०२३ च्या उन्हाळ्यात शहरात आणि समनापुरात झालेले तणाव, लोकसभेला दक्षिण नगरमध्ये सुजय विखे पाटलांच्या पराभवात थोरातांनी नीलेश लंके यांना दिलेली साथ आणि त्याची परतफेड करायला लोणीहून संगमनेरात आलेली फौज, धांदरफळच्या सभेत थोरातांच्या कन्येबद्दल काढलेले असभ्य उद्गार आणि त्यावरून उसळलेला दोन्हीकडचा राग, हे सगळे त्या वाढीत आहे. जातीचे कारण मात्र इथे फारसे कामाचे नाही. देशमुख, खताळ, थोरात आणि पुन्हा खताळ हे सारे मराठाच, त्यामुळे बदल कशाने झाला हे जात सांगू शकत नाही. लाटेने विरोधकाची मते वाढवली, हे कबूल. पण आधीच्या लाटांनी ती वाढवली नव्हती, निदान थोरातांची तटबंदी फुटेल इतकी नाही. १९९५ चा आणि २०१४ चा वारा कमी जोराचा नव्हता. फरक पडला तो भिंतीत. नेहमीच्या मतदारांतले साडेतेवीस हजार सुटले नसते तर खताळांच्या एवढ्या वाढीनंतरही थोरात निवडून आले असते, हे साधे गणित आहे. त्याच दिवशी श्रीरामपुरात काँग्रेसचे हेमंत ओगले निवडून आले याचा दाखला मी देणार नाही. तिथे महायुतीचे दोन उमेदवार आपसात लढत होते, आणि असा पुरावा आपल्या बाजूने ओढणे बरे नव्हे.

आणखी एक प्रश्न उरतो: संस्था खिळखिळ्या झाल्या म्हणून मतदारसंघ गेला का? तसे दिसत नाही. कारखाना, दूध संघ, शिक्षणसंस्था थोरात गटाकडेच राहिल्या. पावणेदोन वर्षे आधी थोरातांचे भाचे सत्यजित तांबे नाशिक पदवीधर मतदारसंघातून अपक्ष म्हणून निवडून आले होते, अगदी १९८५ च्या धर्तीवर, पक्षाला बाजूला ठेवून. संस्थेचा सभासद आणि विधानसभेचा मतदार ही दोन माणसे १९८५ मध्ये बहुतांशी एकच होती. २०२४ मध्ये ती दोन झाली होती, आणि काही घरांत तर एकाच माणसाने सकाळी कारखान्यावर ऊस घातला आणि दुपारी दुसऱ्या बाजूला मत दिले असणार. सहकाराने दिलेल्या सोयी त्याला आता ऋण वाटत नव्हत्या, हक्क वाटत होत्या.

निळवंड्याने मात्र पाण्याचा प्रश्न संपवलेला नाही, तो पुन्हा मांडला आहे. मुख्य कालवा वाहिला तरी शेतापर्यंतच्या चाऱ्यांची व्यवस्था पूर्ण व्हायची आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यानंतर आणि उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर मराठवाड्याचे जायकवाडी धरण ठरलेल्या पातळीच्या खाली राहिले तर भंडारदरा-निळवंड्यातूनही पाणी खाली सोडावे लागते. ओझरच्या खालच्या तालुक्यांविरुद्ध शंभर वर्षे जो युक्तिवाद संगमनेरने केला तोच आता मराठवाडा संगमनेरविरुद्ध करतो, आणि तितक्याच न्यायाने. डिसेंबर २०२४ मध्ये नवे मंत्रिमंडळ झाले तेव्हा गोदावरी आणि कृष्णा खोऱ्यांचे जलसंपदा खाते शिर्डीच्या आमदारांकडे, म्हणजे राधाकृष्ण विखे पाटलांकडे गेले. संगमनेरच्या नव्या आमदाराला चाऱ्यांसाठी जे दार ठोठवायचे आहे ते लोणीचे आहे. भाऊसाहेब थोरात तीस टक्क्यांसाठी भांडले तेव्हा समोरच्या बाजूलाही हाच पट्टा होता.